भाषांतरकार माधवराव रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे नाव मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. न्यायाधीश, समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार, प्रार्थना समाजाचे एक धुरीण अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण केले जाते. सरकारी सेवेच्या आरंभी मात्र ते मराठी भाषांतरकार होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत उरकली जाते. त्या ओळीपाशी थोडे थांबावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हिंदी आणि मराठी या दोन भाषांच्या शिवेवर वसलेल्या बालाघाटच्या वाचकास हा विषय परका वाटू नये.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असल्याने बालपण व प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरास झाले. पुढे ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये आले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत माधवराव होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एल्एल. बी. अशा पदव्या त्यांनी संपादन केल्या. अखंड वाचनाने याच काळात त्यांच्या डोळ्यांस विकार जडला. विद्यार्थिदशेतच ‘इंदुप्रकाश’ या मराठी-इंग्रजी द्विभाषी साप्ताहिकाची इंग्रजी बाजूही ते सांभाळू लागले होते.

१८६६ साली शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकाराच्या जागेवर त्यांची हंगामी नेमणूक झाली. त्या काळी भाषांतरकाराचे काम केवळ शब्दाला शब्द लावण्याचे नव्हते. राज्यकर्त्यांस प्रजेची भाषा येत नव्हती आणि प्रजेस राज्यकर्त्यांची. या दोहोंमध्ये बसलेल्या माणसास कायदा, हिशेब, शेतसारा, नवे ग्रंथ, लोकांच्या तक्रारी या सर्वांचा अर्थ समजून घ्यावा लागे. दोन भाषा जाणणाऱ्यासाठी सरकारी सेवेचा दरवाजा प्रथम येथेच उघडे. म्हणूनच हुशार माणसे या जागेवर येत आणि तितक्याच लवकर ती सोडूनही जात.

माधवरावांआधी हीच वाट लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी तुडविली होती. १८४४ साली सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत ते भाषांतरकार झाले, १८५२ साली वाईस मुन्सफ झाले आणि पुढे न्यायाधीशपदापर्यंत चढले. माधवरावही भाषांतराच्या जागेवर फार काळ राहिले नाहीत. काही काळ अक्कलकोट संस्थानचे कारभारी, नंतर कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, १८६८ पासून एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापक आणि १८७१ साली पुण्यास न्यायखात्यात, असा त्यांचा प्रवास झाला. १८९३ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

अशा स्थलांतराने भाषेचे नुकसान होते काय? होते, हे मान्य केले पाहिजे. एवढ्या विद्वत्तेच्या पुरुषाने मराठीत आणलेला एकही थोर परभाषीय ग्रंथ आज आपल्या कपाटात नाही. इतकेच नव्हे, तर १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयाचा त्यांचा इतिहास इंग्रजीत आहे आणि मराठी वाचकास तो दुसऱ्यांच्या भाषांतरातून वाचावा लागला. एके काळच्या मराठी भाषांतरकाराच्या बाबतीत ही गोष्ट मनास लागून राहते.

तथापि, जे शिक्षण त्या खुर्चीवर मिळाले ते माधवरावांनी वाया दवडले नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. रयतेचे दुःख तिच्याच बोलीत ऐकावयाचे आणि सरकारला नाकारता येणार नाही अशा भाषेत लिहावयाचे, हे काम भाषांतरकाराच्या कामाहून फारसे निराळे नव्हते.

मराठी ग्रंथांकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. १८७८ च्या मे महिन्यात त्यांनी व लोकहितवादींनी पुढाकार घेऊन पुण्यात मराठी ग्रंथकारांचा मेळावा भरविला. आजची साहित्य संमेलने आपले मूळ तेथे शोधतात. भाषांतराची नोकरी सोडून न्यायखात्यात गेलेले दोन गृहस्थ ग्रंथकारांस एकत्र बोलावतात, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे १८९४ साली, उच्च न्यायालयाच्या कामाचा भार अंगावर असताना, त्यांनी पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी स्थापण्यास चालना दिली. देशी भाषेत ग्रंथ यावेत, त्यासाठी लेखकांस उत्तेजन मिळावे, हा तिचा हेतू. महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था ती हीच. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर विस्तृत टिपण लिहिले, तेही छापील ग्रंथांच्या याद्या बारकाईने तपासून.

विद्यापीठाने १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या होत्या. त्यांस पुन्हा स्थान मिळावे म्हणून माधवरावांनी चिकाटीने प्रयत्न केले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. मराठी विषय घेऊन ही पदवी मिळविणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येकावर त्यांचे हे ऋण आहे.

आपला बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला तो १८६७ च्या सुमारास, म्हणजे माधवराव भाषांतरकार होते त्याच आगेमागे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. येथे दोन्ही भाषा अवगत असलेली माणसे पुष्कळ, पण भाषांतरावर संसार चालविणारा विरळा. कोणी शिक्षक होतो, कोणी वकील, कोणी बँकेत जातो. त्यांना दोष कसा द्यावा? पोट प्रत्येकास आहे. माधवरावांचे चरित्र एवढेच सुचविते की, खुर्ची सोडली तरी भाषेचे देणे फिटत नाही. ज्याला हाती लेखणी धरून ग्रंथ उतरविणे जमले नाही, त्याने दुसऱ्याच्या लेखणीस आधार द्यावा. तो लिहील ते छापले जाईल, वाचले जाईल, अशी सोय करावी. शंभर वर्षे जपलेले वाचनालय ही अशीच एक सोय आहे. ती सभासदांच्या वर्गणीवर आणि देणगीदारांच्या औदार्यावर उभी असते, आणि तिच्या कपाटात एखादे नवे भाषांतर दाखल होते तेव्हा त्या देण्याचा एक हप्ता फिटतो.