संत सिरिल

रशियन पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्यास त्यातील काही अक्षरे रोमन वाटतात, काही ग्रीक, तर काही अगदीच अनोळखी. ३३ अक्षरांच्या या लिपीस सिरिलिक म्हणतात. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्या सिरिलने मात्र ती कधी पाहिलीही नाही!

बायझंटाइन साम्राज्यातील थेस्सलोनिका नगरात सुमारे इ. स. ८२७ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे मूळ नाव कॉन्स्टंटाइन. नगराभोवती स्लाव्ह लोकांची वस्ती असल्यामुळे ग्रीकबरोबर त्यांची बोलीही त्यास अवगत होती. कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे अध्ययन झाले.

८६२ साली मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने बादशहा तिसरा मायकेल याजकडे दूत पाठविले. प्रजेला तिच्याच भाषेत धर्म सांगणारे उपदेशक त्याला हवे होते. बादशहाने कॉन्स्टंटाइन व त्याचा वडील बंधू मेथोडियस यांची योजना केली. पण स्लाव्ह भाषेस पुरेल अशी लिपीच नव्हती. ‘श’, ‘च’ यांसारख्या ध्वनींना ग्रीकमध्ये अक्षरे नाहीत. देवनागरीत जे एका अक्षराने साधते, त्यासाठी इंग्रजीत रोमन अक्षरांची जोडी लावावी लागते. कॉन्स्टंटाइनने तशी जोडाजोड केली नाही. अशा ध्वनींसाठी त्याने स्वतंत्र चिन्हे रचली. हीच ग्लागोलिटिक लिपी होय. तीत धर्मग्रंथांची भाषांतरे होऊ लागली.

याला विरोध झाला. हिब्रू, ग्रीक व लॅटिन याच भाषा उपासनेस योग्य, असे व्हेनिस येथील धर्मगुरूंनी बजावले. पाऊस आणि ऊन सर्वांना सारखेच मिळते, मग भाषेतच हा भेद का, असे त्याने त्यांना विचारल्याचे त्याच्या जुन्या चरित्रात सांगितले आहे. पुढे रोममध्ये पोप दुसरा एड्रियन याने स्लाव्ह ग्रंथांना मान्यता दिली. तेथेच तो आजारी पडला, संन्यास घेऊन सिरिल झाला आणि १४ फेब्रुवारी ८६९ रोजी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारला.

८८५ साली मेथोडियसही निवर्तला. त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले. बल्गेरियाने त्यांना आश्रय दिला. तेथे नवव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक अक्षरे घेऊन आणि उणीव होती तेथे नवी चिन्हे घालून एक सोपी लिपी तयार झाली. तिला गुरूचे नाव मिळाले. ९८८ साली कीव्हच्या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर तेथे तिचा प्रसार झाला. १७०८ साली पीटर बादशहाने तिचे वळण बदलले. १९१८ साली काही अनावश्यक अक्षरे गळाली. रशियन ‘श’चे रूप मात्र ग्लागोलिटिकमधील ‘श’सारखेच राहिले आहे: तीन उभे दांडे आणि त्यांना खालून जोडणारी एक आडवी रेघ.