नादकाट्यांना बोलते करणारा डॉक्टर

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधारही ऐकू येतो. तो कोणी लावलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. एका आवाजात असे अनेक स्वर नांदतात. ते वेगळे काढून, पुन्हा हवे तसे जुळवून नवा आवाज घडवण्याचे काम हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने केले.

त्याचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळामास्तर. मुलाचा ओढा पदार्थविज्ञानाकडे, पण तो खर्च घराला झेपणारा नव्हता. सरकारी खर्चाने शिकायचे तर डॉक्टर व्हायचे आणि आठ वर्षे लष्करात चाकरी करायची, अशी अट होती. १८३८ मध्ये त्याने ती पत्करली. (आपल्या वर्गात आवडीचा विषय मिळालेले कितीजण आहेत?) पलटणीत असतानाच, १८४७ मध्ये, त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून वेगळी पुस्तिका काढावी लागली. पुढच्याच वर्षी वयोवृद्ध हुम्बोल्टच्या रदबदलीने उरलेली चाकरी सुटली आणि अध्यापन सुरू झाले.

नाइलाजाने घेतलेली डॉक्टरकी मात्र वाया गेली नाही. तारांचे गणित इतरांनाही येत होते. याला कानाची आतली रचनाही ठाऊक होती. पोकळ गोल कानाला लावून त्याने एकेक उपस्वर निवडून ऐकला, कारण प्रत्येक गोल आपल्या ठरलेल्या स्वरालाच घुमतो. मग उलटा प्रयोग. आठ नादकाटे घेतले. पहिल्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे. विजेच्या चुंबकांनी ते सतत वाजते ठेवले. प्रत्येकासमोर पोकळ नळकांडे. त्याचे झाकण जितके उघडावे तितका तो स्वर मोठा. मूळ स्वर प्रबळ ठेवला की 'ऊ', दुसरा वाढवला की 'ओ'! 'ई' नीट जमेना, कारण तिला लागणारे उंच स्वर त्या काट्यांत नव्हते. आजच्या संगणकावरील सिंथेसायझरमध्ये काट्याच्या जागी ऑसिलेटर आणि झाकणाच्या जागी पडद्यावरची पट्टी असते. उपस्वर रचण्याची ही रीत तीच. ग्रॅहम बेलला जर्मन नीट कळले नाही. हे स्वर विजेने दूर पाठवले आहेत, असे तो समजला आणि त्या गैरसमजातून टेलिफोनच्या वाटेला लागला.

१८६३ मध्ये हेल्महोल्ट्झचा ध्वनिसंवेदनांवरील ग्रंथ निघाला. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की आवाज चढतो-उतरतो. सेकंदाला तीसेक वेळा तसे झाले की कानाला खरखर वाटते. विसंवादाचे मूळ त्याने यातच पाहिले. मला हे पुरते पटत नाही. साथीविना गाणाराही बेसूर होतोच की.

१८७१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याला बर्लिनला अखेर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी तो वारला. त्याचा ग्रंथ सी. व्ही. रामन यांनी तरुणपणीच वाचला होता. ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, असे शास्त्र सांगत होते. मृदंग आणि तबला यांच्या शाईमुळे ते पटीत येतात, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवले.