विश्लेषण : क्षयरोग, थरथरता हात आणि ४४ व्या वर्षी सहावे जेतेपद, हॅरी वार्डनचे पुनरागमन इतके खास का?

एप्रिल उजाडला आणि अमेरिकेतील मास्टर्स गोल्फ स्पर्धा जवळ आली की दोन जुन्या चित्रफिती मोबाइलवर हमखास फिरू लागतात. एक १९८६ ची, ४६ व्या वर्षी जिंकलेल्या जॅक निकलॉसची. दुसरी २०१९ ची, ४३ व्या वर्षी जिंकलेल्या टायगर वूड्सची. आता त्यात २०२१ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी पीजीए अजिंक्यपद जिंकणाऱ्या फिल मिकेलसनची भर पडली आहे. उतारवयातील सर्वात मोठे पुनरागमन कोणाचे, हा वाद मग पुन्हा रंगतो. या वादात एक नाव मात्र सहसा येत नाही, ते म्हणजे हॅरी वार्डन. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकण्याचा त्याचा विक्रम १०० हून अधिक वर्षे अबाधित आहे. त्यातली शेवटची दोन जेतेपदे त्याने क्षयरोगातून उठल्यावर, हातात कायमचा दोष असताना मिळवली.

हॅरी वार्डन कोण होता?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्रात जर्सी नावाचे छोटे बेट आहे. तेथील ग्रूव्हिल या गावात ९ मे १८७० रोजी हॅरीचा जन्म झाला. वडील माळीकाम करायचे. घरची परिस्थिती बेताची. हॅरी सात-आठ वर्षांचा असताना गावाच्या मोकळ्या माळरानावर बाहेरून आलेल्या काही मंडळींनी गोल्फचे मैदान आखले. गावातल्या पोरांना पाहुण्यांच्या बॅगा उचलण्याचे, म्हणजे कॅडीचे काम मिळू लागले.

हॅरीने गोल्फ पाहिला तो असा, दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन. खेळायला ना काठी होती ना चेंडू. मग या मुलांनी झाडाच्या फांद्यांच्या काठ्या बनवल्या आणि चेंडू म्हणून मोठ्या गोट्या वापरल्या. लहान वयातच शाळा सुटली आणि हॅरी घरकाम व बागकामाला लागला. धाकटा भाऊ टॉम आधी बेट सोडून व्यावसायिक गोल्फपटू झाला. टॉमने स्पर्धेत बक्षिसाची रक्कम जिंकल्याचे कळल्यावर हॅरीलाही आपण हे करू शकतो असे वाटू लागले. १८९० मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, तो इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका छोट्या मैदानाची देखभाल करण्याच्या नोकरीवर रुजू झाला.

अव्वल क्रमांकापर्यंत कसा पोहोचला?

गोल्फ न पाहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच : मैदानावरचे १८ होल सर्वात कमी फटक्यांत पूर्ण करणारा जिंकतो. वार्डनच्या काळात ओपन स्पर्धा चार फेऱ्यांची, म्हणजे ७२ होलची असे. बरोबरी झाली तर आणखी ३६ होलचा प्लेऑफ.

१८९६ मध्ये स्कॉटलंडमधील म्यूरफिल्ड येथे वार्डनने अशाच प्लेऑफमध्ये जे. एच. टेलरला चार फटक्यांनी हरवले. टेलरने त्याआधीची सलग दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली होती. त्यानंतर १८९८ आणि १८९९ ची ओपनही वार्डनने जिंकली. १९०० मध्ये तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. ‘वार्डन फ्लायर’ या त्याच्या नावाच्या चेंडूचा प्रचार हा दौऱ्याचा हेतू होता. त्याच दौऱ्यात शिकागो येथे तो यूएस ओपनही जिंकला. त्या काळात एका खेळाडूच्या नावावर वस्तू विकली जाणे ही नवलाईची गोष्ट होती.

वार्डन, टेलर आणि स्कॉटलंडचा जेम्स ब्रेड या त्रिकुटाने १८९४ ते १९१४ या काळातील २१ पैकी १६ ओपन स्पर्धा जिंकल्या.

आजार केव्हा जडला?

१९०३ मध्ये प्रेस्टविक येथे वार्डनने चौथी ओपन जिंकली, तीही सहा फटक्यांच्या फरकाने. दुसरा आला तो त्याचा भाऊ टॉम. आकडे पाहिले तर हा एकतर्फी विजय वाटतो. प्रत्यक्षात वार्डन त्या वेळी इतका अशक्त होता की शेवटच्या फेरीत चक्कर येऊन पडण्याच्या बेतात होता. थोड्याच काळात क्षयरोगाचे निदान झाले.

या निदानाचा अर्थ आज चटकन लक्षात येत नाही. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. त्याआधी विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. वार्डनला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील मंडस्ली येथील आरोग्यधामात दाखल करण्यात आले. वय ३३. कारकीर्द ऐन भरात असताना हा खेळाडू अंथरुणाला खिळला होता. पुढेही त्याला उपचारांसाठी पुन्हा जावे लागले.

परतल्यावर अडचण नेमकी काय होती?

अडचणी दोन होत्या. पहिली शरीराची. आजारातून उठल्यावर वार्डनच्या उजव्या हातात एक विचित्र झटका येऊ लागला. लांब फटक्यात तो जाणवत नसे. चेंडू होलपासून हातभर अंतरावर असला, नुसता ढकलायचा असला, की नेमका त्याच क्षणी हात उडायचा. क्रिकेटमध्ये एखाद्या फिरकीपटूच्या हातून अचानक चेंडूच सुटेनासा होतो, त्याला ‘यिप्स’ म्हणतात. गोल्फमध्येही आज हाच शब्द वापरतात.

लांब फटका चुकत नाही आणि सोपा चुकतो, हे कसे? थोडे गणित पाहू. लांब फटक्यात खांदे, पाठ, कंबर असे मोठे स्नायू वेगाने काम करतात. हाताचा किरकोळ झटका त्या वेगात विरून जातो. पट मारताना मात्र हालचालच काही सेंटिमीटरची असते, त्यामुळे तेवढाच झटका तिथे फार मोठा ठरतो. गोल्फच्या होलचा व्यास सुमारे १०.८ सेंटिमीटर असतो. एक मीटरवरून मारलेला चेंडू जेमतेम ३ अंश वाकडा गेला तरी होल हुकण्याची वेळ येते. आणि गोल्फमध्ये २०० मीटरचा फटका आणि हातभर अंतराचा फटका, दोन्ही एकेकच मोजले जातात.

दुसरी अडचण तंत्रज्ञानाची. वार्डन मोठा झाला तो गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या टणक चेंडूवर. हा चेंडू अचूक बसला तरच लांब जाई. अचूकता हेच वार्डनचे बलस्थान. १९०२ च्या सुमारास रबरी धाग्यांचा गाभा असलेला हॅस्केल चेंडू रूढ झाला. तो जास्त लांब जाई आणि थोडा चुकीचा फटकाही खपवून घेई. म्हणजे वार्डन आजारी पडला त्याच सुमारास त्याच्या कौशल्याची किंमतही कमी झाली.

१९०६ मध्ये तो ओपनमध्ये तिसरा आला, पण १९०९ मध्ये पहिल्या २० मध्येही नव्हता. दरम्यान ब्रेड एकामागून एक जेतेपदे जिंकत होता. १९१० पर्यंत त्याची पाच झाली. वार्डन चारवरच अडकला होता.

मग १९११ मध्ये काय बदलले?

हात बरा झाला नाही, हे आधी सांगायला हवे. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. वार्डनने केले ते इतकेच की लांबचे फटके इतके अचूक ठेवले की ग्रीनवर होणारे नुकसान भरून निघावे.

१९११ ची ओपन सँडविच येथे झाली. वार्डन ४१ वर्षांचा होता. शेवटच्या फेरीत ८० फटके लागल्याने हातातली आघाडी निसटली आणि फ्रान्सच्या आर्नो मासीशी बरोबरी झाली. मासी हा १९०७ चा विजेता. प्लेऑफच्या ३६ होलमध्ये मात्र वार्डनने त्याला इतके मागे टाकले की ३५ व्या होलवर मासीने हार मानली. आठ वर्षांनी वार्डन पुन्हा विजेता झाला.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये मात्र तो हरला. हरवणारा फ्रान्सिस विमेट हा २० वर्षांचा हौशी खेळाडू होता. त्याचे घर मैदानासमोरच होते आणि तोही पूर्वी कॅडी होता. विमेटने ७२ फटके घेतले, वार्डनने ७७ आणि जर्सीचाच टेड रे याने ७८. अमेरिकेत गोल्फ सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो या निकालामुळे, असे मानले जाते. जगज्जेता म्हणून गेलेल्या ४३ वर्षांच्या वार्डनची कारकीर्द आता संपली, असे कोणालाही वाटले असते.

१९१४ ची लढत निर्णायक का ठरली?

जून १९१४, पुन्हा प्रेस्टविक. वार्डन, टेलर आणि ब्रेड या तिघांच्याही नावावर प्रत्येकी पाच ओपन. सहावी कोणाची, हाच प्रश्न होता. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या खेळायच्या होत्या आणि योगायोगाने वार्डन व टेलर एकाच जोडीत आले. मैदानावर प्रचंड गर्दी लोटली.

तिसरी फेरी संपली तेव्हा टेलर दोन फटक्यांनी पुढे होता. शेवटच्या फेरीत तो ढेपाळला आणि त्याला ८३ फटके लागले. वार्डनने ७८ मध्ये फेरी संपवली. एकूण ३०६ विरुद्ध ३०९. वयाच्या ४४ व्या वर्षी वार्डन सहाव्यांदा विजेता ठरला.

त्यानंतर काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१५ ते १९१९ या काळात ओपन झालीच नाही. त्या त्रिकुटापैकी कोणीही ही स्पर्धा पुन्हा जिंकली नाही. नंतर पीटर थॉमसन आणि टॉम वॉटसन पाच जेतेपदांपर्यंत आले. सहावर आजही एकटा वार्डनच आहे.

१९२० मध्ये थोडक्यात काय हुकले?

वार्डनच्या चरित्रातला हा भाग सर्वात कमी सांगितला जातो. १९२० ची यूएस ओपन टोलेडो शहरातील इन्व्हर्नेस क्लबवर झाली. वार्डनने तीन महिन्यांपूर्वीच पन्नाशी गाठली होती. शेवटच्या दिवशी ३६ होल पायी खेळायचे होते. अखेरचे सात होल उरले असताना तो आघाडीवर होता.

तेवढ्यात ईरी सरोवराच्या दिशेने जोराचा वारा सुटला. दमलेल्या वार्डनचे फटके कमी पडू लागले आणि ग्रीनवर हातानेही दगा दिला. टेड रे एका फटक्याने जिंकला. वार्डन २९६ फटक्यांसह संयुक्त दुसरा आला. तो जिंकला असता तर पन्नाशीत प्रमुख स्पर्धा जिंकणारा पहिला गोल्फपटू ठरला असता. त्यासाठी गोल्फला १०१ वर्षे थांबून मिकेलसनची वाट पाहावी लागली.

इतर पुनरागमनांशी तुलना केली तर?

बेन होगन (१९५०, वय ३७) : फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसने समोरून धडक दिली. ओटीपोटाच्या हाडासह अनेक हाडे मोडली. १६ महिन्यांनी तो मेरियन येथे यूएस ओपन जिंकला. वय कमी होते, पण दुखापतीच्या दृष्टीने वार्डनच्या सर्वात जवळचे उदाहरण हेच.

जॅक निकलॉस (१९८६, वय ४६) : सहा वर्षांचा खंड. शेवटचे नऊ होल ३० फटक्यांत. त्याची लढाई आजाराशी नव्हती, वयाशी होती.

टायगर वूड्स (२०१९, वय ४३) : ११ वर्षांचा खंड, पाठीच्या अनेक शस्त्रक्रिया. त्याच्या मदतीला आधुनिक वैद्यकशास्त्र होते. २०१७ च्या शस्त्रक्रियेने त्याला पुन्हा उभे केले.

फिल मिकेलसन (२०२१, वय ५०) : वयाचा विक्रम त्याचाच. आधीचा विक्रम ज्युलियस बोरोसचा होता, १९६८ मध्ये ४८ व्या वर्षी.

टॉम वॉटसन (२००९, वय ५९) : टर्नबेरी येथे ओपन जिंकायला शेवटच्या होलवर एक पट बाकी होता. तो हुकला आणि प्लेऑफमध्ये हार झाली. वार्डनच्या १९२० च्या पराभवाशी याचेच नाते जवळचे.

मग सर्वात मोठे कोणाचे?

केवळ वय पाहिले तर मिकेलसन. खंड पाहिला तर वूड्स. शरीराची मोडतोड पाहिली तर होगन. पण कशातून परतला आणि किती काळ टिकला, हे दोन निकष एकत्र लावले तर वार्डनचे पारडे जड होते. त्याच्या आजारावर औषध नव्हते, हाताचा दोष गेला नाही, चेंडूही बदलला होता. तरीही १९११, १९१४ आणि जवळजवळ १९२०, असा तो तीनदा परतला. बाकीच्यांचे पुनरागमन म्हणजे जुना खेळ काही काळ परत मिळणे. वार्डनला तो कधीच परत मिळाला नाही. आहे त्या हातानेच तो जिंकला.

वार्डनचा वारसा आज कुठे दिसतो?

मैदानावर दर दिवशी. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवून काठी धरण्याच्या पद्धतीला ‘वार्डन ग्रिप’ म्हणतात. ती त्याने शोधलेली नाही, त्याच्या आधीही काही जण वापरत होते. मात्र जगभर रुजली ती त्याच्यामुळे. आजचे बहुसंख्य व्यावसायिक गोल्फपटू याच पद्धतीने काठी धरतात.

वार्डन अखेरपर्यंत लंडनच्या उत्तरेकडील टॉटरिज येथील साउथ हर्ट्स क्लबमध्ये काम करत राहिला. सदस्यांना शिकवणे हीच त्याची नोकरी होती. २० मार्च १९३७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पीजीएने त्याच्या नावाने ‘वार्डन ट्रॉफी’ सुरू केली. वर्षभरात प्रत्येक फेरीमागे सरासरी सर्वात कमी फटके घेणाऱ्याला ती दिली जाते. सोपे पट हुकल्यामुळे ज्याचे कितीतरी फटके वाढले, त्याच खेळाडूचे नाव या करंडकावर कोरलेले आहे.