चरणीचा शेठ

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दारात दुधाचा रतीब घालणाऱ्या मावशी चक्क रिकाम्या हाताने आल्या. डोळे रडून लाल. विचारलं तर कळलं, पहाटे त्यांची गाय दावं तोडून रस्त्यावर गेली होती आणि मोकाट गुरं पकडणारी गाडी तिला घेऊन गेली. गाय गाभण. मावशींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मीच त्यांच्यासोबत कोंडवाड्यात गेले. दंड भरला, वर वैरणीचे पैसे भरले, कागदावर अंगठा झाला आणि गाय सुटली. कुणी आमच्याशी वाकडं बोललं नाही, हे खरं सांगायला हवं. पण परतताना मावशी एवढंच म्हणाल्या, की दंड भरीन हो ताई, पण हिला चरायला नेऊ कुठे?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आम्ही राहतो ती नवी मुंबई. सिडको 1970 साली स्थापन झाली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि शहर उभं राहिलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, त्यांच्याबरोबर गावाची गुरं चरायची ती गायरानंही गेली. आमच्यासारख्यांना घरं मिळाली ती त्याच जमिनीवर. दुसरीकडे हेही तितकंच खरं, की रात्री हायवेवर बसलेली गुरं दिसत नाहीत, दुचाकीवरची तरणी पोरं त्यांच्यावर आदळतात. म्हणजे गुरं उचलणारे अगदीच चूक आहेत, असंही म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून मला एका माणसाची सारखी आठवण येते आहे. बी.ए.ला इतिहास होता तेव्हा त्यांचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. सर जमशेटजी जीजीभॉय. होय, जे.जे. हॉस्पिटलमधले ते 'जे.जे.'!

जमशेटजींचा जन्म 1783 सालचा, एका साध्या पारशी घरातला. सोळाव्या वर्षी आई-वडील दोघंही गेले आणि पोरका मुलगा मुंबईत मामांच्या आश्रयाला आला. मामांचा धंदा काय, तर रिकाम्या बाटल्या विकत घेणं आणि विकणं. त्यावरून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. पुढे मामांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी 1803 साली जमशेटजींचं लग्न झालं. त्याआधीच ते जहाजाने चीनला जाऊ लागले होते. अशा पाच सफरी त्यांनी केल्या. एकदा तर फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं आणि सगळ्यांना आफ्रिकेच्या टोकाला नेऊन सोडलं. तिथून हालअपेष्टा काढत ते घरी पोचले. इकडे आवाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हे आपण बायकांनीच समजून घ्यावं.

पैसा मिळाला तो कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून. हे झाकून कसं चालेल? दारूने उठलेले संसार मी आमच्या वस्तीत रोज बघते. त्या अफूने चीनमधली किती घरं बुडवली असतील, हा विचार मनातून जात नाही. तेव्हा हा माणूस देव नव्हता. पण हाती आलेल्या पैशाचं त्याने काय केलं, तेही पाहायला हवं.

1832 साली मुंबईत कुत्र्यांवरून मोठी दंगल झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता. दर कुत्र्यामागे शिपायांना पैसे मिळत. त्या लोभाने ते घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की अंत्यविधीतही कुत्रा लागतो. लोक खवळले. जून महिन्यात कोटात दगडफेक झाली, दुकानं बंद पडली, सैन्य बोलावलं गेलं, धरपकड झाली. जमशेटजींनी यातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. नुसत्या निषेधावर ते थांबले नाहीत. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी 1834 साली भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. मोकाट, म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांना मारण्याऐवजी आणून सोडायला हक्काची जागा झाली. आजही आम्ही फ्रीवेने मुंबईला निघालो की चेंबूरजवळ पांजरपोळ ही पाटी लागते. किती वेळा वाचली, पण नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता.

आता गुरांची गोष्ट. कंपनी सरकारने मुंबईत गुरं चारण्यावर कर लावला. मोठे गोठेवाले तो भरू शकत. एक-दोन म्हशींवर पोट असलेल्या गरिबांनी काय करावं? तेव्हा 1838 साली जमशेटजींनी वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारजवळ समुद्रकाठची गवताळ जमीन विकत घेतली आणि गरिबांच्या गुरांना फुकट मोकळी करून दिली. गुरं चरायची जागा ती चरणी, आणि तिथून पुढे आपलं चर्नी रोड स्टेशन! ठाण्याच्या चेंदणीहून येऊन वसलेल्या लोकांवरून ते नाव पडलं, असंही काही जण मानतात. नाव कशावरूनही पडो, गुरांना कुरण मिळालं हे महत्त्वाचं.

आवाबाईसुद्धा नवऱ्याच्या मागे नव्हत्या. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडत. पूल बांधायला सरकारपाशी पैसा नव्हता. आवाबाईंनी एक लाख रुपये दिले, ते संपल्यावर आणखी सत्तावन्न हजार दिले. अट एकच, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रोड म्हणजे या आवाबाईच. त्याच साली जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं. जमशेटजींनी एक लाख दिले, तेवढेच सरकारने घातले. 1842 साली 'सर' झालेले ते पहिले भारतीय. 1857 मध्ये त्यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि 1859 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही बरं का. अमेरिकेत सरकारी कुरणांवर रानघोडे आणि गाढवं मोकळी फिरतात. कारखान्यांकडे कत्तलीला चाललेल्या घोड्यांचा ट्रक 1950 साली व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या एका साध्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईने पाहिला आणि ती पेटून उठली. शाळकरी मुलांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला. 1971 साली घोड्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. तरीही चारा-पाणी पुरत नाही म्हणून तिथलं सरकार हेलिकॉप्टरने घोडे हाकून पकडतं. काही घोडे लोकांना पाळायला देतात आणि उरलेले हजारो वाड्यांत ठेवतात. त्यावरून तिथेही भांडणं चालूच आहेत. म्हणजे पकडणं सोपं आहे, पकडल्यावर ठेवायचं कुठे आणि खायला काय घालायचं, हेच कुणाला धड सुटत नाही.

जमशेटजींनी नेमकं तेच आधी सोडवलं. म्हणून त्यांचं मोठेपण मला दानाच्या आकड्यापेक्षा त्यात दिसतं.

वीस हजारांची जमीन घेणं आपल्या हातात नाही. पण आमच्या मंडळाच्या बायकांनी एक केलं. भाजीवाल्यांकडून कोबी-फ्लॉवरची पानं, मक्याची कणसं सोलून उरलेला पाला गोळा करून रोज संध्याकाळी मावशींच्या गोठ्यावर पोचवतो. प्लॅस्टिक निवडून काढायचं काम माझ्याकडे आहे. त्यांनी दुसरी गाय मात्र गावाकडच्या भावाला देऊन टाकली. दोघींचं भागत नव्हतं. राहिलेली गाय श्रावणात व्यायली, कालवड झाली. खरवस पहिल्यांदा माझ्या घरी आला. वड्या कापताना मावशींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, ही मोठी झाल्यावर चरणार कुठे?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अजून गायरान शिल्लक असेल, तर ग्रामसभेला जाऊन तेवढं विचारून या. ते कुणाच्या नावावर आहे, आणि राहणार आहे ना?