योनावर सावली कोणत्या झाडाची ?

योनाची गोष्ट निघाली म्हणजे सर्वांचें लक्ष माशाकडे जातें. झाडाकडे फारसें कोणाचें जात नाहीं. निनवे शहराबाहेर उन्हानें तळमळणाऱ्या त्या संदेष्ट्यावर देवानें एका झाडाची सावली केली व दुसऱ्याच दिवशीं तें किडीनें वाळून गेलें. तें झाड कोणतें, हा प्रश्न एका मनुष्यानें विचारिला आणि त्यापायीं आफ्रिकेंतील एक मंडळी फुटावयाच्या बेतास आली. त्याचें नांव जेरोम.

जेरोमचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास डाल्मेशियाच्या सीमेवरील स्ट्रिडोन गांवीं ख्रिस्ती आईबापांच्या पोटीं झाला. त्याचें शिक्षण रोम येथें झालें. तेथें सिसरोच्या ग्रंथांची त्यास इतकी गोडी लागली कीं, संदेष्ट्यांची भाषा त्यास ओबडधोबड वाटे. पुढें तापानें फणफणला असतां न्यायासनासमोर आपण ख्रिस्ताचे नव्हे तर सिसरोचे शिष्य ठरलों असें स्वप्न त्यानें पाहिलें. मग तो सिरियाच्या रानांत जाऊन राहिला व ख्रिस्ती झालेल्या एका यहूदी मनुष्यापाशीं इब्री शिकूं लागला. ते घशांतले उच्चार त्यास साधेनात; कित्येकदां त्यानें पुस्तक टाकलें व पुन्हां उचललें.

इ. स. ३८६ त तो बेथलेहेमास कायमचा राहावयास गेला. तेथें एक यहूदी गुरु स्वजातीयांच्या भयानें रात्रीं येऊन त्यास शिकवी. ईयोबाचें पुस्तक कळावें म्हणून लोद येथील एका पंडितास त्यानें बरेंच द्रव्य दिलें. जाणत्या यहूद्यांस सोबत घेऊन तो यहूदा देशांत हिंडला, कारण तो देश डोळ्यांनीं पाहिलेल्यास शास्त्र अधिक स्पष्ट दिसतें असें त्याचें मत होतें. गोष्ट पाठ झाली म्हणजे ती कळली असें आपणांस वाटतें. त्यास तसें कधींच वाटलें नाहीं.

आतां तें झाड. जुन्या लॅटिन शास्त्रांत भोपळ्याचा वेल होता, आणि रोममधील भुयारी स्मशानांच्या भिंतींवरही वेलाखालीं पहुडलेला योना रंगविलेला आहे. जेरोमनें मूळ इब्री शब्द पाहिला. त्यानें वर्णन केलेलें झुडूप रुंद पानांचें, दाट सावलीचें, थोड्या दिवसांत वाढणारें व वेलासारखा आधार न घेतां स्वतःच्या खोडावर उभें राहणारें आहे. आमच्या शेतकरी वाचकांनीं तें केव्हांच ओळखिलें असेल : आपल्या बांधावरचा एरंड ! परंतु लॅटिनमध्यें त्यास नांव नाहीं असें म्हणून त्यानें आयव्ही नांवाच्या वेलीचा शब्द घातला. येथें तो चुकला असें आम्हांस वाटतें. खरें ठाऊक असून त्यानें तिसरेंच लिहिलें.

आफ्रिकेंतील ओएया शहरीं (आजचें त्रिपोली) उपासनेंत हें भाषांतर वाचिलें तेव्हां मोठा गलबला झाला. बाळपणापासून ऐकलेला भोपळा कोणीं काढिला ? लोक सोडून जातील या भीतीनें बिशपास जुना शब्द परत घ्यावा लागला. इ. स. ४०३ त ऑगस्टीननें ही हकीकत जेरोमास कळविली. भाबड्या लोकांचा विश्वास डळमळूं नये ही त्याची काळजी खोटी नव्हती. जेरोमनें पुढील वर्षीं उत्तर धाडिलें, तें बरेंच तिखट होतें. त्याची जीभ अशीच होती. रुफिनस नांवाच्या जिवलग मित्राशींही त्याचें कायमचें वैर पडलें. परंतु ऐकणाऱ्यांस रुचावें म्हणून मुळांत नसलेला भोपळा लिहिण्यास तो कबूल झाला नाहीं.

इब्रींतून शास्त्राचें भाषांतर इ. स. ४०५ च्या सुमारास पुरें झालें. इ. स. ४१० त रोम लुटलें गेलें व निराश्रित लोक बेथलेहेमास येऊं लागले, तेव्हां यहेज्केलावरील टीका बाजूस ठेवून तो त्यांच्या सेवेस लागला. दृष्टि मंद झाली होती. रात्रीं दिव्यापुढें इब्री अक्षरें त्यास दिसेनात. इ. स. ४२० त तो बेथलेहेमांतच वारला, तेव्हां यिर्मयावरील त्याची टीका अपुरीच होती.