कानाचे गाणे कागदावर आणणारा कुरुंदवाडचा गायक

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गाणे लिहिण्याची स्वतंत्र लिपी घडवली. एका लिपीतले गाणे दुसऱ्या लिपीत नेताना होणारा घोटाळा आज संगणकावर जाणवतो. त्याचे मूळ मात्र त्यांच्या काळातच रुजले होते.

हुपरी : चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीतून पूर्वेकडे निघाले, की इचलकरंजी लागते आणि तिथून पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा परिसर सुरू होतो. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, मिरज ही सगळी गावे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासाचा एक मोठा भाग या एवढ्याशा पट्ट्यात घडला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर या गावाच्या नावानेच ओळखले गेले. त्यांच्याकडून ती गायकी घेऊन देशभर गेलेले विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले कुरुंदवाडला, १८ ऑगस्ट १८७२ रोजी.

घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते, त्यामुळे सूर आणि ताल घरातच होते. तरीही मुलाने गवई व्हावे असे कुणाच्या मनात नव्हते. इंग्रजी शाळेत शिकून त्याने चार लोकांसारखा व्यवसाय करावा, अशीच अपेक्षा असणार. ती मोडली एका फटाक्याने. नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात दारू उडवताना चेहऱ्याजवळ स्फोट झाला आणि मुलाची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. डोळे पूर्ववत होण्याची आशा उरली नाही, तेव्हा पुस्तकी शिक्षणाचा मार्ग बंद झाला आणि गाणे शिकवावे असा सल्ला मिळाला. मिरज संस्थानच्या आश्रयाला त्या वेळी बाळकृष्णबुवा होते. विष्णु त्यांच्याकडे राहू लागला.

ज्याला अक्षरे नीट दिसत नव्हती, त्याच माणसाने पुढे गाण्याला अक्षरे दिली. पलुस्करांच्या चरित्रातील ही विसंगती सहसा दुर्लक्षिली जाते. त्यांच्याविषयी लिहिताना राष्ट्रभक्ती, रामभक्ती आणि गवयाला मिळवून दिलेली प्रतिष्ठा यांचाच उल्लेख अधिक होतो. तो योग्यही आहे. पण त्यांच्या लेखनपद्धतीकडे त्यामुळे फारसे कुणी पाहत नाही.

गुरुगृह ते लाहोर

बाळकृष्णबुवांकडची तालीम जुन्या वळणाची होती. शिष्याने गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे, गुरू गाईल ते ऐकायचे आणि घोटायचे. वहीचा संबंध नव्हता. बंदिश विसरली तर ती पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसे, कारण द्यायचे की नाही हे गुरूच्या मर्जीवर असे. ही शिस्त पलुस्करांनी वर्षानुवर्षे सोसली आणि तिचे मोलही त्यांना ठाऊक होते. पण एका गुरूजवळ तीन-चार शिष्यच शिकू शकतात, बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न त्यांना सुटेना.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. गावातील एका समारंभाला त्यांना आमंत्रण आले आणि गुरूंना मात्र डावलले गेले, हा अपमान त्यांना सहन झाला नाही, असे चरित्रकार सांगतात. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबारातले गाणे पैसे देणाऱ्या सामान्य श्रोत्यासाठी खुले करणे हे त्या काळी धाडसच होते. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती आणि स्वरलेखनाची पद्धतही बसवली होती. म्हणजे गाणे लिहिण्याचा विचार पलुस्करांच्या आधीचा आहे. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण बंदिशींचे शब्द मोडतोड होऊन पिढ्यान्‌पिढ्या गायले जात होते.

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. ते कुणा एका संस्थानिकाच्या तिजोरीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालायचे. ठरलेल्या तासाला वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र असा सगळा शाळेचा थाट तिथे होता. मुलींसाठीही शिकण्याची सोय झाली. होतकरू विद्यार्थ्यांसाठी उपदेशक वर्ग होता. त्यांनी अनेक वर्षे संस्थेत राहून शिकायचे आणि मग गावोगावी जाऊन शिकवायचे. अशा शाळेला पाठ्यपुस्तक लागतेच. एका खोलीत तीस मुले बसवून तीच सरगम सगळ्यांकडून एका लयीत म्हणवून घ्यायची, तर ती फळ्यावर लिहिता आली पाहिजे.

प्रत्येक स्वराला त्याचे माप

पलुस्करांची लेखनपद्धती या गरजेतून उभी राहिली. स्वर देवनागरीतच लिहायचे : सा, रे, ग, म. मध्य सप्तकाला काही खूण नाही. मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर टिंब, तार सप्तकातील स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण. याखेरीज प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहायचा. एक मात्रा असेल तर आडवी रेघ, अर्धी मात्रा असेल तर शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र, चार मात्रांना फुली. समेवर १ हा आकडा आणि खालीला अधिकाचे चिन्ह.

पानावर ही खुणांची गर्दी दिसते, हे मान्यच करावे लागेल. पण त्यात एक शहाणपण होते. स्वर कोणता, कोणत्या सप्तकातला आणि किती वेळ, या तिन्ही गोष्टी प्रत्येक स्वरासोबतच मिळत. शेजारच्या स्वरांकडे पाहून हिशेब करावा लागत नसे. नवख्या विद्यार्थ्याला लयीत धरून ठेवण्यासाठी याहून नेमकी सोय सुचणे कठीण.

मात्र छापखान्याला ही पद्धत जड होती. अक्षराच्या वर खूण, खाली खूण, त्याखाली गीताचे शब्द. साध्या खिळ्यांच्या पेटीत जुळाऱ्याला हे सारे कुठून मिळणार? पुढे संस्थेने स्वतःचा छापखाना चालवला, वाद्यनिर्मितीची कार्यशाळाही काढली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारखी क्रमिक पुस्तके आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक या खटाटोपातून बाहेर पडले.

एकच टिंब, दोन अर्थ

याच काळात मुंबईत पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वेगळ्या वाटेने तेच काम करत होते. ते पेशाने वकील. देशभर फिरून त्यांनी घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांची लेखनपद्धती सुटसुटीत आहे. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एका मात्रेत जितके स्वर असतील तितके एका अर्धचंद्रात बांधायचे. समेला फुली, खालीला शून्य.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की धक्का बसतो. चिन्हे बहुतांश तीच, अर्थ मात्र निराळे. पलुस्करांच्या पुस्तकातला डोक्यावर टिंब असलेला निषाद मंद्र सप्तकाचा, षड्जाच्या लगेच खालचा. भातखंडे पद्धतीची सवय असलेला वाचक तो तार सप्तकात शोधेल, म्हणजे थेट दोन सप्तके वर. उभी रेघ असलेला मध्यम पलुस्करांकडे तार सप्तकातला शुद्ध मध्यम आहे, भातखंड्यांकडे मध्य सप्तकातला तीव्र. बागेश्री गाणाऱ्याच्या गळ्यात तीव्र मध्यम पडला तर रागाचे काय उरेल, हे सांगायला नको.

आडव्या रेघेची गंमत तर आणखी वेगळी. पलुस्कर पद्धतीने भूप रागाचे स्वर एकेका मात्रेचे लिहिले, तर सा, रे, ग, प, ध या प्रत्येकाखाली आडवी रेघ येईल. भातखंडे पद्धतीच्या डोळ्यांना तेच रिषभ, गंधार आणि धैवत कोमल दिसतील. षड्ज आणि पंचम अचल असल्याने त्यांना काही होणार नाही. कागद तोच, शाई तीच, आणि भूपाचा भूपाल तोडी होऊन जाईल! एक संध्याकाळनंतरचा राग, दुसरा सकाळचा.

दोघांच्या काळात एकच लिपी ठरली नाही. दोघांची उद्दिष्टे वेगळी होती, स्वभावही वेगळे होते. भातखंडे शास्त्र आणि संग्रह यांच्या मागे, पलुस्कर शाळा आणि प्रचार यांच्या मागे. पुढे पलुस्करांच्या शिष्यांनीही आपापल्या पुस्तकांत गुरूंची चिन्हे सुटसुटीत केली, त्यामुळे पलुस्कर पद्धतीचेही एकच रूप राहिले नाही. छपाईला आणि वाचायला सोपी असल्याने भातखंडे पद्धतीचा प्रसार अधिक झाला. सोयीने गुणवत्तेवर केलेली ही मात आहे, असे पलुस्कर पद्धतीच्या अभिमान्यांना वाटते. निदान लयीच्या नेमकेपणापुरते ते खरे आहे.

पाश्चात्त्य संगीताला एकच लिपी असूनही हा त्रास चुकला नाही. तिथे संगणकावरच्या प्रत्येक स्वरलेखन प्रणालीची फाइल वेगळी. त्यांच्यात देवाणघेवाण व्हावी म्हणून २००४ मध्ये ‘म्युझिकएक्सएमएल’ या सामाईक नमुन्याची पहिली आवृत्ती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’ ही साडेतीन दशके चाललेली प्रणाली तिच्या कंपनीने बंद केली, तेव्हा संगीतकारांना आयुष्यभराचे काम याच मार्गाने दुसरीकडे हलवण्याची घाई करावी लागली. या नमुन्यातही प्रत्येक स्वराजवळ त्याचे नाव, सप्तक आणि काळ नोंदलेला असतो. पलुस्करांच्या पानाची रचना नेमकी अशीच आहे. भातखंडे पद्धतीत काळ अर्धचंद्रातील स्वर मोजून काढावा लागतो. पलुस्करांकडे तो लिहिलेलाच असतो. अडचण उरते ती षड्जाची. परदेशी लिपीत स्वराची उंची ठरलेली असते, आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठेही लावता येतो. त्यामुळे पट्टी आधी ठरवून मगच स्वर बदलावे लागतात. मींड, आंदोलन, कणस्वरांचा नाजूकपणा या वाटेत बराच गळतो. तो कागदावरही पूर्ण आलेला नव्हता.

कर्ज, आश्रम आणि वारसा

१९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईत महाविद्यालय आणले. विद्यार्थी वाढले, सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्यासोबत कर्जही. ते फेडण्यासाठी त्यांनी देशभर मैफली केल्या, पण मेळ बसला नाही. १९२४ च्या सुमारास संस्थेची मालमत्ता लिलावात गेली. आपल्या मिळकतीपेक्षा मोठे स्वप्न पाहणाऱ्या माणसाचा हिशेब चुकला, इतकेच म्हणता येईल. त्यात त्यांचा स्वतःसाठी काही लाभ नव्हता. त्याआधीच त्यांचे मन रामनामाकडे वळले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांचे ‘वंदे मातरम्’ गाजत असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते थांबवले नाही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ज्या गावाने गाणे दिले तिथेच शेवट झाला. मुलगा दत्तात्रेय त्या वेळी दहा वर्षांचा होता. वडिलांची पुस्तके हाताशी होती, पण तो गाणे शिकला ते वडिलांच्या शिष्यांसमोर बसून. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला घडवले आणि द. वि. पलुस्कर हे नाव रसिकांच्या मनात घर करून राहिले. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर, शंकरराव व्यास यांच्यासारखे शिष्य मात्र शाळा काढत, पुस्तके लिहीत राहिले.

पलुस्करांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या अभ्यासक्रमात पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही लेखनपद्धती आहेत. परीक्षेला बसणारा विद्यार्थी दोन्ही शिकतो आणि टिंबे खाली-वर करीत, रेघा पुसत, मात्रा मोजत एकीतली बंदिश दुसरीत उतरवायला आजही हातानेच शिकतो.