राजर्षी शाहू महाराज आणि हातकणंगल्याचे शिवार

आज पिकाऐवजी एका राजाची माहिती घेऊ. हातकणंगले तालुक्यात ऊस उभा दिसतो, त्याला जमीन आणि वाण जेवढे कारण आहेत तेवढेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे काही निर्णयही. गावाचा आढावा घेताना हे निर्णय माहीत असलेले बरे.

जन्म आणि सुरुवात

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजकोट व धारवाड येथे शिकले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. आजच्या हातकणंगले तालुक्याचा बराच भाग तेव्हा आळते पेट्यात होता. इचलकरंजी ही घोरपड्यांची वेगळी जहागीर होती.

दुष्काळातून पाण्याकडे

कारभार हाती येऊन दोन वर्षे होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, जनावरांसाठी छावण्या काढल्या आणि लोकांना कामे दिली. पण पाऊस हुकला की सगळेच हुकते, हे त्यांनी त्या वर्षांत पाहिले.

त्यामुळे विहिरी आणि तलावांच्या कामांबरोबर भोगावतीवर मोठे धरण बांधायचे ठरले. १९०९ मध्ये राधानगरीचे काम सुरू झाले. पैशाअभावी ते १९१८ च्या सुमारास थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. महाराजांना पूर्ण धरण पाहता आले नाही. हेच भोगावतीचे पाणी पंचगंगेतून रुई, इचलकरंजीकडे येते. नदीकाठच्या उपसा योजनांना उन्हाळ्यात पाणी मिळते, त्यात राधानगरीचा मोठा वाटा आहे.

पेठ आणि रेल्वे

माल पिकला तरी विकायचा कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता. १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवली गेली. व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती मिळाल्या आणि गुळाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती आणि ती हातकणंगल्यावरूनच जाते. गुऱ्हाळातला गूळ पेठेतून रेल्वेने दूरच्या बाजारात जाऊ लागला.

गावात कोण कोण राहते

या पट्ट्यात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, धनगर आणि दलित समाज पिढ्यान् पिढ्या राहतात. पाणी आणि पेठ आली तरी त्याचा फायदा आधी जमीनवाल्याला होतो. बिनजमिनीच्या घराचे काय? महाराजांचे मोठेपण या प्रश्नात दिसते. १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि मदत दिली, म्हणून खेड्यातला मुलगा कोल्हापुरात राहून शिकू शकला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१८ मध्ये महार वतने रद्द करून ती जमीन वतनदारांच्या नावे रयतावा केली. त्यामुळे वेठ करण्याचे बंधन सुटले.

मार्च १९२० मध्ये याच तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. गावचे पाटील आप्पासाहेब दादगोंडा पाटील जैन समाजातले. त्यांनी पुढाकार घेतला. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज स्वतः आले आणि या तरुण विद्वानाला समाजाचा पुढारी म्हणून त्यांनी सर्वांसमोर गौरवले. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

आज आपण काय पाहावे

पाणी आले तसे नवे प्रश्नही आले. भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने काही शिवारे क्षारपड झाली आहेत. म्हणून गावाचा आढावा घेताना एवढे जरूर विचारा:

• पाणी किती जणांना मिळते आणि शेवटच्या टोकाला पोहोचते का?
• निचऱ्याची चर किंवा पाइप आहे का? माती परीक्षणात क्षारता किती आली?
• उसाखेरीज पैसा देणारे दुसरे पीक किंवा जोडधंदा घरात आहे का?
• बिनजमिनीच्या कुटुंबाला वर्षातून किती दिवस काम मिळते?
• ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले शाळेत जातात का?

पहिले तीन प्रश्न आपल्या नमुन्यात बहुतेक असतात, शेवटचे दोन सुटतात. महाराजांनी पाणी आणि शाळा एकाच कारभारात धरली होती. आपणही एकाच वहीत धरूया.